पोथी कोठे, वाचक कोठे?

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त नशिराबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. त्या दिवशी ज्ञानभांडाराची कपाटे उघडली जातात, पोथ्यांची जुनी वेष्टने काढून नवी चढविली जातात, वाळवीचा माग पाहिला जातो आणि श्रुतज्ञानाचे पूजन होते. दिगंबर परंपरेत हाच मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीस आहे. पोथी जमिनीवर पडली तरी आशातना मानणारा हा समाज. लिहिलेल्या पानाविषयी इतका आदर बाळगणारे समाज जगात फार नाहीत. असे असूनही जैन आगमांचा आधुनिक पद्धतीने लिहिलेला पहिला सविस्तर परिचय प्रसिद्ध झाला तो जर्मन भाषेत. तोही पाटण, खंभात, जैसलमेर किंवा पुणे येथून आलेला नव्हता. बर्लिन येथील एका प्राध्यापकाच्या लेखणीतून तो उतरला. हे कसे घडले, हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. संशोधनासाठी पैसा कोण देतो, ग्रंथ पाहण्याची अनुमती कोण देतो आणि अखेर तो ग्रंथ वाचतो कोण, हा धोरणाचा प्रश्न आहे. उच्च शिक्षणाचे धोरण राजधानीत ठरते अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जैन ग्रंथांपुरते पाहिले तर ते धोरण सरकारी कचेरीत जितके ठरले, तितकेच मंदिराच्या ओवरीत बसलेल्या पंचांच्या बैठकीतही ठरले आहे.

ज्ञानासाठी समाजाने पदरमोड करणे खानदेशास नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरातील शिलालेख त्याची साक्ष देतो. शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा तो लेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजांनी त्यास दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृत असून दानाच्या व्यवहाराचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. त्यात व्यापाऱ्यांनी काय द्यावे, घाण्यामागे पळी-पळी तेल कसे द्यावे, याची नोंद आहे. बाजारपेठेवर बसविलेल्या लहानशा लागीवर गणिताचे अध्ययन चालावे, अशी ती योजना होती. आजच्या भाषेत तिला स्थायी निधी म्हणता येईल. या लेखाचा शोध लावणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती जगापुढे ठेवली, ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून. खानदेशातील दगडावरचा मराठी मजकूर विद्वज्जगताला कळण्यासाठी लंडनची वाट चालून गेला. त्या काळी दुसरी वाटही नव्हती.

याच सुमारास मुंबई इलाख्यात हस्तलिखितांच्या शोधास सरकारी पाठबळ मिळू लागले. १८६८ साली हिंदुस्थान सरकारने संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेण्याचे ठरविले व त्यासाठी दरसाल रक्कम मंजूर केली. मुंबई इलाख्यातील हे काम प्रामुख्याने डॉ. गेओर्ग ब्यूलर आणि डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न या दोन जर्मन पंडितांकडे आले. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि प्रा. पीटर पीटरसन यांनी ते चालविले. ब्यूलर १८६३ साली मुंबईस आले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक झाले आणि नंतर गुजरातेत शिक्षण निरीक्षक म्हणून फिरले. शाळा तपासण्याच्या निमित्ताने गावोगाव जाणारा हा अधिकारी गावातील भांडारांचीही चौकशी करीत असे.

भांडारे सहजी उघडत नसत. त्यास कारणेही होती. आक्रमणांच्या शतकांत ग्रंथ तळघरात लपवून वाचविलेले होते आणि अनोळखी माणसास त्यांचा पत्ता सांगू नये ही सवय हाडीमांसी खिळली होती. भांडार एकट्या व्यक्तीच्या मालकीचे नसून संघाचे असल्याने पंचांच्या संमतीवाचून कुलूप निघत नसे. १८७४ च्या जानेवारीत ब्यूलर जैसलमेरला पोहोचले तेव्हा त्यांच्यासमवेत हेरमान याकोबी हा अवघ्या तेवीस वर्षांचा जर्मन तरुण होता. पार्श्वनाथ मंदिराच्या भांडारात त्यांना ताडपत्रावरील एक काव्य आढळले. काश्मीरचा कवी बिल्हण याचे ‘विक्रमांकदेवचरित’ ते हेच. दोघांनी मिळून सात दिवसांत ते हाताने उतरून घेतले आणि १८७५ साली मुंबईत ते छापून प्रसिद्ध झाले. कवी काश्मीरचा, काव्याचा नायक दक्षिणेतील कल्याणीचा चालुक्य सम्राट आणि ग्रंथ जतन झाला तो मारवाडच्या वाळवंटात, जैनांच्या भांडारात. आपल्या धर्माचा नव्हे म्हणून ज्या समाजाने तो ग्रंथ टाकला नाही, त्या समाजाच्या औदार्याची नोंद इतिहासग्रंथांत क्वचितच होते. तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयास हवे. सरकारसाठी खरेदी होत असताना ज्या ग्रंथाची दुसरी प्रत मिळे, ती परदेशातील ग्रंथालयांसाठी घेण्याची मुभा ब्यूलर यांनी सरकारकडून मिळविली. या मुभेनुसार १८७३ ते १८७८ या काळात सुमारे पाचशे जैन हस्तलिखिते बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयात गेली. हा चोरीचा मामला नव्हता. खरेदीस सरकारी अनुमती होती, विकणारे होते, मोबदला दिला जात होता. सुरतेचे भगवानदास केवलदास यांच्यासारखे जाणकार एतद्देशीय गृहस्थ मध्यस्थ म्हणून काम पाहत आणि कोणत्या यतीकडे कोणता ग्रंथ आहे हे त्यांना ठाऊक असे. तथापि हा व्यवहार सर्वस्वी बरोबरीचा होता, असेही म्हणवत नाही. विकणाऱ्यास त्या पोथीचे जगाच्या बाजारातील मोल माहीत नव्हते. आणि अनुमती देणारे सरकार त्या पोथीचे वारस नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ सांभाळणाऱ्या संघाचे मत कोणत्याही टप्प्यावर घेतले गेले नाही. परक्या राजवटीतील संशोधन धोरणाचे हे एक वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

परंतु त्या पाचशे पोथ्यांचे बर्लिनमध्ये काय झाले, हेही तितक्याच निष्पक्षपणे पाहिले पाहिजे. तेथे त्या कपाटात पडून राहिल्या नाहीत. प्राध्यापक आल्ब्रेख्त वेबर यांनी उतारवयात, दृष्टी अधू होत चाललेली असताना, त्या वाचून काढल्या. १८८३ ते १८८५ या काळात जैनांच्या पवित्र ग्रंथांविषयी त्यांचा प्रदीर्घ प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी युरोपातील अनेक पंडित जैन धर्म ही बौद्ध धर्माची एक शाखा मानीत. स्वतः वेबर यांचेही मत त्याच बाजूचे होते. त्या मतास निर्णायक धक्का दिला तो जैसलमेरच्या भांडारात बसून पोथी उतरणाऱ्या याकोबी यांनी. १८७९ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘कल्पसूत्रा’च्या आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी बौद्ध व जैन ग्रंथांची तुलना करून दाखविले की, निर्ग्रंथांचा संप्रदाय बौद्धांहून स्वतंत्र आहे. आज शाळेच्या पुस्तकात जे वाक्य सहज वाचले जाते, त्याच्या मागे ही खटपट आहे. समाजाने त्यांचे ऋण मानले. १९१३-१४ साली याकोबी पुन्हा भारतात आले तेव्हा त्यांना ‘जैन दर्शन दिवाकर’ ही पदवी अर्पण करण्यात आली.

याच याकोबींशी समाजाचा मोठा वादही झाला. १८८४ साली ऑक्सफर्डच्या मालेत त्यांनी ‘आचारांगा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. साधूंच्या भिक्षेविषयीच्या एका सूत्रातील दोन शब्दांचा त्यांनी सरळ कोशातला अर्थ घेतला आणि त्यातून प्राचीन साधूंच्या आहाराविषयी भलताच निष्कर्ष निघू लागला. अहिंसेस परम धर्म मानणाऱ्या समाजास त्याची जखम किती खोल झाली असेल, हे सांगण्याची गरज नाही. समाजातील पंडितांनी आणि श्रावकांनी लेख लिहिले, पत्रे पाठविली, टीकाग्रंथांतील परंपरागत अर्थ पुढे केले. हा वाद अनेक वर्षे चालला. १९२८ साली याकोबींनी पुण्यास पाठविलेल्या एका पत्रात, ते शब्द दृष्टान्तादाखल आलेले असावेत असा खुलासा केला आणि त्यासाठी पतंजलीच्या ‘महाभाष्या’चा आधार दिला. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, परदेशस्थ पंडिताने आपला अर्थ पुन्हा तपासला, तो व्याकरणाच्या ग्रंथातील पुराव्यापुढे. हे पत्र पुण्यास आले याचेही महत्त्व आहे. मधल्या काळात येथेही कोणी तरी त्या विषयावर बर्लिन-बॉनच्या पंडितांशी त्यांच्याच पातळीवर बोलू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली होती.

पोथ्यांपेक्षा सीमा अधिक चंचल असतात, हेही जाता जाता नमूद करावे. एर्न्स्ट लॉयमान हे आवश्यक सूत्राच्या वाङ्मयाचे थोर अभ्यासक स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक होते आणि तेथील ग्रंथालयासाठी त्यांनी जैन हस्तलिखितांचा संग्रह जमविला होता. तेव्हा ते शहर जर्मनीत होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेले. जर्मन म्हणून लॉयमान यांना शहर सोडून फ्रायबुर्ग येथे जावे लागले आणि पोथ्या तेथेच राहिल्या. ज्या संग्रहासाठी आयुष्य वेचले तो जागचा हलला नाही, पण संग्राहकालाच परकेपण आले. त्या संग्रहाची सूची पुढे डॉ. चंद्रभाल त्रिपाठी या भारतीय विद्वानाने केली व ती १९७५ साली प्रसिद्ध झाली.

आता मायदेशी राहिलेल्या ग्रंथांकडे पाहू. सरकारने जमविलेला मोठा संग्रह पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात ठेवण्यात आला होता. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी हा सतरा हजारांहून अधिक हस्तलिखितांचा संग्रह त्या संस्थेच्या स्वाधीन करण्याचे ठरले. त्यात जैन ग्रंथांचा वाटा फार मोठा आहे. बर्लिनला गेलेल्या पाचशेंविषयी खेद करणाऱ्यांनी पुण्यात राहिलेल्या या हजारोंविषयीही विचार करावयास हवा. या संग्रहातील पोथ्या अभ्यासासाठी युरोपात उसन्या पाठविण्याची पद्धत होती. लॉयमान यांनी पुण्याच्या पोथ्या मागवून घेऊन त्यांवर काम केले. पुण्यास मात्र त्या वाचणारे थोडे होते. पोथ्या येथे आणि वाचक तिकडे, अशी ती विपरीत स्थिती होती.

ती पालटली ती काही मोजक्या माणसांमुळे. त्यांतील अनेक जैन नव्हते. डॉ. भांडारकर यांनी १८८३-८४ च्या आपल्या अहवालात जैन वाङ्मयास भरघोस जागा दिली. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. मुनी जिनविजयजी यांनी पुण्यात राहून संशोधन मंदिराच्या उभारणीच्या काळात साह्य केले, ‘जैन साहित्य संशोधक’ हे नियतकालिक काढले आणि १९२८ साली जर्मनीची वाट धरली. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी पुण्यातील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम पत्करले. तिचा पहिला भाग १९३५ साली निघाला. सूचीकाराचे काम किती नीरस आणि किती उपकारक असते, हे ज्याने एखादी पोथी शोधण्यात आठवडा घालविला असेल त्यालाच कळेल. पानांची संख्या, ओळींची संख्या, आरंभ, शेवट, लेखनाचा संवत, लेखकाचे नाव, अशा नोंदी हजारो वेळा करावयाच्या. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ १९४४ साली याच संस्थेतून प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भांडारांत कोणता जैन ग्रंथ कोठे आहे हे सांगणारा तो वर्णानुक्रमी कोश अद्यापि अभ्यासकाच्या हाताशी असतो. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पॅरिसला जाऊन पदवी मिळविली आणि परत येऊन पुष्पदंताच्या अपभ्रंश ‘महापुराणा’चे संपादन केले. परदेशी विद्येचा असा उपयोग त्या पिढीला साधला होता.

या सर्वांत एका नावापाशी थोडे थांबले पाहिजे. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म १९०६ साली बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी तीन दशके अर्धमागधी शिकविली. १९३५ साली त्यांनी संपादिलेला कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या प्रस्तावनेने युरोपातील पंडितांना दाखवून दिले की, पाठचिकित्सेची शिस्त आता जर्मनीची मक्तेदारी राहिलेली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्यांचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. परंतु उपाध्ये कोल्हापुरात शिकवीत राहिले आणि नंतर म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत यांच्या अध्यासनावरही बसले. १९७५ साली त्यांचे निधन झाले. सीमावादाच्या त्या तप्त वर्षांत मराठी, कन्नड, प्राकृत आणि संस्कृत यांपैकी कोणत्याही भाषेशी वैर न धरता हा माणूस काम करीत राहिला. सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला त्यांच्या आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली वाढली. तिचे पहिले पुष्प ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ चे. सोलापूरच्या एका श्रावकाची दानबुद्धी आणि कोल्हापूरच्या एका प्राध्यापकाची लेखणी एकत्र आली, एवढेच त्या मालेचे रहस्य.

डॉ. हिरालाल जैन यांचे दुसरे काम याहून मोठे. दिगंबर परंपरेत ‘षट्खंडागम’ व त्यावरील ‘धवला’ टीका यांचे स्थान सर्वोच्च; पण त्यांच्या ताडपत्री शतकानुशतके मूडबिद्री येथील भांडारात होत्या आणि भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी प्रभृतींच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्यास आरंभ झाला. नक्कल झाली तरी ती भांडाराबाहेर जाऊ नये असा व्यवस्थापकांचा कटाक्ष होता. अखेर एक प्रत गुपचूप बाहेर पडली आणि तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या. यात नियमभंग झाला यात शंका नाही. परंतु त्याच प्रतींच्या आधारे अमरावतीस हिरालालजींनी संपादन सुरू केले, १९३९ साली पहिला भाग छापला गेला आणि पुढील वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. छपाई सुरू झाल्यावर मूडबिद्रीच्या मंडळींनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास साह्य केले, ही समाधानाची गोष्ट. येथे कोणतेही परकीय सरकार नव्हते, कोणी ब्यूलर नव्हते. तरीही ग्रंथ उघडावा की झाकावा हा झगडा झाला, तो समाजाच्या अंतर्गतच. ज्ञानाची सीमा नेहमीच दोन देशांमधील असते असे नाही.

परदेशी संशोधकाविषयीचा संशय अधूनमधून उफाळून येतो. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. निमित्त झाले ते जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचे. त्यातील मजकूर निषेधार्ह वाटणाऱ्यांनी राग काढला तो ऋणनिर्देशात ज्या संस्थेचा उल्लेख होता त्या संस्थेवर. पुस्तक परदेशी लेखकाचे. मोडतोड झाली ती येथील कपाटांची आणि येथील पोथ्यांची. ‘आचारांगा’च्या वादात समाजाने जो मार्ग पत्करला होता, त्याच्याशी ही घटना ताडून पाहण्यासारखी आहे.

आजची परिस्थिती निराळी आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुने आणि महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. ब्यूलर यांना मिळाली तशी मुभा आज कोणासही मिळणार नाही, आणि तिची गरजही उरलेली नाही. छायाचित्र पाठविता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील जैन हस्तलिखितांची तीन खंडांची सूची २००६ साली प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्यांत पॅरिसच्या नलिनी बलबीर यांच्यासमवेत कनुभाई व कल्पना शेठ हे भारतीय दांपत्य आणि स्ट्रासबुर्गची सूची करणारे तेच चंद्रभाल त्रिपाठी होते. पाठबळ लंडनमधील जैन संस्थेचे होते. पोथी तिकडे राहिली, परंतु ती वाचणारे हात आणि खर्च सोसणारे हात दोन्ही जैनांचे व भारतीयांचेही होते.

परदेशस्थ जैन बांधवांनी अमेरिकेतील विद्यापीठांत अध्यासने स्थापिली आहेत. फ्लोरिडा येथील आंतरराष्ट्रीय विद्यापीठात २०१० साली भगवान महावीरांच्या नावे प्राध्यापकपद निर्माण झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत श्री पार्श्वनाथांच्या नावे अध्यासन आहे. याच अर्व्हाइन येथे २०१६ साली एका निराळ्या भारतीय प्रतिष्ठानाने देऊ केलेल्या अध्यासनांचा निधी स्वीकारला गेला नाही. देणगीदार नेमणुकीत व विचारात हस्तक्षेप करतील, अशी शंका तेथील अध्यापकांनी घेतली होती. दात्याने किती बोलावे आणि विद्वानाने किती ऐकावे, हा प्रश्न तेथे कागदावर लिहून सोडविला जातो. येथे तो बहुधा चहाच्या पेल्यावर सुटतो किंवा सुटत नाही. दान दिल्यावर त्याच्या फळावरील अधिकार सोडावा लागतो, हे अपरिग्रहाच्या अनुयायांस तरी जड जाऊ नये.

शासनाची पावलेही पाहिली पाहिजेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ज्या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला, त्यांत मराठी आणि प्राकृत या दोन्ही होत्या. माय-लेकीला एकाच दिवशी मान मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रे सरकारी उच्चशिक्षण संस्थांना उपलब्ध करण्यात आली. ही सोय मोलाची आहे, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासकास. परंतु यातही एक जुनी रेषा दिसते. भारतीयांनी लिहिलेले निबंध परदेशी प्रकाशकांकडे जातात आणि ते वाचण्यासाठी भारताला पुन्हा किंमत मोजावी लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. छायाचित्रे निघतील, ती साठविलीही जातील. ती वाचील कोण, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही.

कारण वाचकच आटत चालला आहे. एके काळी महाराष्ट्रात शालान्त परीक्षेस अनेक जैन विद्यार्थी अर्धमागधी घेत, डॉ. अ. मा. घाटगे यांचे व्याकरण कित्येकांच्या दप्तरात असे. त्याच घाटगे यांच्या संपादकत्वाखाली भांडारकर संस्थेत प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे काम सुरू झाले. असा कोश पिढ्यान्‌पिढ्यांचे काम असतो; एका पिढीने सोडलेली टाचणे पुढच्या पिढीने उचलावी लागतात. उचलणारे हात विद्यार्थ्यांतूनच यावयाचे. समाजातील हुशार मुलगा अभियंता होतो, मुलगी सनदी लेखापाल होते, दोघेही परदेशी जातात आणि यशस्वी होतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्यांच्यापैकी एखाद्याने प्राकृत शिकतो म्हटले तर घरातून पहिला प्रश्न येतो, त्यात नोकरी काय मिळेल? हा प्रश्न अव्यवहारी नाही. त्याचे उत्तर आईबापांनी द्यावयाचे नसून संस्थांनी द्यावयाचे आहे. पाटणच्या बाजारपेठेने घाण्याच्या तेलातून ते उत्तर दिले होते.

खानदेशात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली खुले झालेले गांधी तीर्थ हे एका जैन उद्योजकाच्या पुढाकाराने उभे राहिलेले संशोधन केंद्र असून गांधीजींच्या कागदपत्रांचे जतन व संगणकीय रूपांतर तेथे होते. कागद जपण्याचे आधुनिक तंत्र नशिराबादपासून काही किलोमीटरवर आहे. मारवाडातून आणि गुजरातेतून या भागात आलेल्या कुटुंबांनी आपल्या गाठोड्यांत वह्या-चोपड्यांबरोबर स्तवने, रास, पट्टावल्या आणि सूत्रांच्या पोथ्याही आणल्या असणार. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोणत्या स्थानकाच्या कपाटात काय आहे, याची नोंद करण्यासाठी बर्लिनहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांपुढे एक सूचना. येत्या ज्ञानपंचमीस कपाटे उघडतीलच. त्या दिवशी पूजनाच्या पाटाशेजारी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक पोथीसाठी तीत एक ओळ असावी: ग्रंथाचे नाव, कर्ता, पानांची संख्या, लेखनाचा संवत, ज्या गावी लिहिली त्या गावाचे नाव आणि पहिले व शेवटचे वाक्य. ज्यांना जुनी लिपी वाचता येत नाही त्यांनी त्या पानाचे छायाचित्र काढून चिकटवावे. महोत्सवाच्या निधीतून पाच वर्षांसाठी एका विद्यार्थ्याचे वेतन बाजूला काढावे. त्याने पुण्यास राहून प्राकृत शिकावे आणि दर उन्हाळ्याच्या सुटीत येऊन त्या वहीतील ओळी तपासाव्यात. तो विद्यार्थी जैनच असावा, अशी अट घालू नये. वेलणकर आणि घाटगे जैन नव्हते.